ऑफर लेटर पुरेल का?

प्रश्न : मुलगी ऑस्ट्रेलियातच शिकतेय. तिचा व्हिसा संपत आलाय. पुढच्या अभ्यासक्रमाचं ऑफर लेटर आलंय. तेवढ्यावर नव्या स्टुडंट व्हिसाचा अर्ज करता येईल का?

उत्तर : नाही, ताई. तिथे राहून अर्ज करणाऱ्यांना पूर्वी ऑफर लेटर चालायचं. १ जानेवारी २०२५ पासून चालत नाही. अर्जासोबतच ‘कन्फर्मेशन ऑफ एनरोलमेंट’ (सीओई), म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचं प्रमाणपत्र, जोडावं लागतं. ऑफर स्वीकारून मागितलेली फी भरली की संस्था ते देते, पण लगेच देईलच असं नाही. माझ्या भाचीला फी भरूनही बारा दिवस थांबावं लागलं. घरात कुणाला झोप नव्हती. तेव्हा शेवटच्या तारखेची वाट बघू नका. सलग दोन अभ्यासक्रम करणार असेल, तर दोन्हींचं सीओई हवं.