पोहणं सुटलं, आता पुढे?

बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ती आली तेव्हा बारावीचा निकाल नुकताच लागला होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नऊ वर्षं पोहलेली मुलगी, बॅकस्ट्रोकमध्ये, म्हणजे पाठीवर पोहण्यात, राज्य पातळीची पदकं. दोन मोसम टायमिंग जागचं हलेना आणि खांदाही दुखायला लागलेला. बाबांनी विचारलं ते खेळाडूंचे पालक मला नेहमीच विचारतात: "ताई, नऊ वर्षं पहाटे साडेचारला उठलो आम्ही. सगळं वाया गेलं का हो?"

तिला उभारी यावी म्हणून बाबा घरात सारखं कर्स्टी कोव्हेंट्रीचं नाव घ्यायचे. झिंबाब्वेच्या या जलतरणपटूची २००४ आणि २००८ मिळून सात ऑलिंपिक पदकं, दोन्ही वेळा २०० मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण. पुढे त्या देशाच्या क्रीडामंत्री झाल्या आणि मार्च २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी निवडून आल्या. त्या पदावरच्या पहिल्या स्त्री, आफ्रिकेतल्याही पहिल्याच.

मुलगी खाली बघत म्हणाली, "त्यांच्याकडे सात मेडल्स होती. माझ्याकडे नॅशनलचं एकही नाही."

बाबा गप्पच झाले. त्यांनी मायेनं सांगितलेली गोष्ट पोरीला आणखी एक न गाठता येणारी वेळ वाटत होती.

मी तिला कोव्हेंट्रींची मधली वर्षं सांगितली, कारण कौतुकात नेमकी तीच गळतात. २०१२ च्या लंडनमध्ये पदक नाही, २०१६ च्या रिओतही नाही. आणि या दोन स्पर्धांच्या मध्येच, २०१३ मध्ये, त्या ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगावर गेल्या होत्या. पोहत असतानाच त्यांनी इतर खेळाडूंचे प्रश्न हाती घेतले होते. मला या साऱ्या कहाणीत हेच मोलाचं वाटतं. मंत्रिपदाचा काळही सोपा नव्हता. २०२२ मध्ये फुटबॉलची जागतिक संघटना फिफाने झिंबाब्वेला निलंबित केलं ते त्याच काळात.

मग विचारलं, "तू तलावावर पोहण्याशिवाय काय करतेस?"

"काही नाही. बारक्यांना टर्न शिकवते, भिंतीपाशी वळायचा."

"कसा?"

ती खुर्चीतून उठली. बॅकस्ट्रोकला भिंत दिसत नाही, म्हणून पाच मीटर आधी वर झेंड्यांची दोरी असते. ती दिसली की भिंतीपर्यंतचे हाताचे फटके मोजायचे. "सर सगळ्यांना चार सांगतात. एक उंच मुलगा आहे, त्याचं डोकं आपटायचं. मी म्हटलं, तू तीनच मोज." तोवर हो-नाहीपुरतं बोलणारी पोर दहा मिनिटं हातवारे करत बोलत होती.

बाबांना मी स्पष्ट सांगितलं: आता तिच्यापुढे अध्यक्षपद ठेवू नका, तेही ओझंच होतं. पोहणं सुटल्याचं दुःख खरं आहे. तिला रडायचं असेल तर रडू द्या. झोप, जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. खांदा फिजिओकडे, आणि डॉक्टर हो म्हणाले की पाण्यात उतरायचं, घड्याळ न लावता. बारक्यांच्या बॅचबद्दल सरांशी ती स्वतःच बोलली.

परवा आली होती. कॉलेजच्या पिशवीतून पाण्यानं फुगलेली वही काढली. अकरा मुलांची नावं, प्रत्येकापुढे आकडा: तीन, पाच, चार. त्याच वहीच्या पहिल्या पानांवर तिची स्वतःची जुनी टायमिंग्ज होती. ती पानं तिने फाडली नव्हती.