तुम्ही विचारलंय: आजोबांच्या पेटीत खाकी टोपी आणि बिगुलाचा बिल्ला सापडला. मराठा पलटणीचा असेल का? खरा-खोटा कसा ओळखायचा?

बिगुल दिसला की आपल्याकडे सगळे ‘मराठा’ म्हणतात. आमच्या घरात ही चूक चाळीस वर्षं चालली, म्हणून एवढं लिहितोय.

बिगुल हे सगळ्याच लाइट इन्फंट्रीचं, म्हणजे हलक्या पायदळाचं, चिन्ह. मराठ्यांचं आहे, तसंच डरहॅम, श्रॉपशर, कॉर्नवॉल अशा गोऱ्या पलटणींचंही. त्यामुळे बिगुल सोडा आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे ते भिंगातून बघा.

आमच्या बिल्ल्यावर बिगुलाच्या वर किल्ल्याच्या तटासारखा मुकुट होता आणि त्याच्याही वर पट्टीत ‘जेलालाबाद’ असं इंग्रजीत कोरलेलं. काका प्रत्येक लग्नात तो खिशातून काढायचे. “वडील मराठा पलटणीत होते, अफगाणिस्तानात जलालाबादला लढले. नामदेव जाधवांनी इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला ना, तीच पलटण!” अफगाणिस्तानातून इटलीत कसे पोचले, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

मी शोधलं. बिल्ला सॉमरसेट लाइट इन्फंट्रीचा. जलालाबादचा वेढा १८४२ सालचा, पहिल्या अफगाण युद्धातला. तिथे तग धरला म्हणून त्या पलटणीला तटाचा मुकुट मिळाला. म्हणजे बिल्ल्यावरची लढाई आजोबांच्या जन्माच्या कितीतरी आधीची. बिगुलाच्या दोऱ्यांमध्ये ‘पी ए’ आहे, ते प्रिन्स अल्बर्ट, व्हिक्टोरिया राणीचा नवरा.

मग तो आमच्याकडे कसा आला? आजोबा देवळालीत शिंपी होते. लॅम रोडला दुकान, गिऱ्हाईक सगळं छावणीतलं. मायदेशी जाणारे गोरे तिथे जहाजाची वाट बघत पडलेले असायचे. सॉमरसेटची पहिली बटालियन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली आणि हिंदुस्थानातून सगळ्यात शेवटी गेलेली ब्रिटिश पलटणही तीच: २८ फेब्रुवारी १९४८, गेटवे ऑफ इंडिया. आजोबांची मापाची वही माझ्याकडे आहे. “गोरा, पाटलोण कंबरेत आत घेणे, १२ आणे. उधार.” बिल्ला अशाच कोणाच्या तरी उधारीपोटी आला असणार, असं माझं मत. पुरावा नाही.

हे सांगितल्यावर काका म्हणाले, “वडिलांना शिंपी केलंस!” मी काय केलं? होतेच ते शिंपी. चांगले होते.

आता तुमचं. मुकुटावरून साल ओळखा असं सगळे सांगतात आणि ते बरोबरही आहे. वर गोलसर कमानींचा राजाचा मुकुट असेल तर १९०१ ते साधारण १९५३, मधोमध खोलगट असेल तर एलिझाबेथ राणीचा, म्हणजे युद्धानंतरचा. पण आमच्यासारखा तटाचा मुकुट असला की ही युक्ती बाद. तेव्हा मागची बाजू बघा. खरा बिल्ला बहुधा पत्र्यातून ठोकलेला असतो, म्हणून पुढचा उठाव मागे खोलगट उमटतो. मागे सपाट, खरबरीत, बारीक भोकं असतील तर बहुधा ओतीव नक्कल. चोर बाजारात असल्या पोत्याने मिळतात. साध्या शिपायाच्या बिल्ल्याला मागे बहुधा एकच उभी पट्टी असते, टोपीच्या चिरेत खोचायला. आणि प्लास्टिकचा निघाला तर खेळणं समजून फेकू नका. पितळ वाचवायला युद्धात तसे खरोखर काढले होते.

टोपी होडीसारखी घडीची की मोठ्या ढगळ बेरेसारखी? ढगळ असेल तर १९४३ नंतरची, शिपायांना ती अजिबात आवडायची नाही. आतल्या अस्तरावर कारखान्याचं नाव, साल आणि बाणाचा शिक्का शोधा. हाताने लिहिलेला नंबर असेल तर सोनंच. १९२० पासून प्रत्येक गोऱ्या पलटणीला आकड्यांचा स्वतंत्र पट्टा दिलेला होता, त्यामुळे माणूस आधी कुठे भरती झाला ते कळतं. पुढे पलटण बदलली तरी नंबर तोच राहायचा. गोऱ्या शिपायाचा शोध लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात घ्या. आजोबा खरंच मराठा पलटणीत असतील तर बेळगावला लिहा.

एक राहिलं. टोपी आणि बिल्ला एकाच पेटीत होते म्हणून ते एकाच माणसाचे होते असं नाही. आणि पितळी पॉलिश लावू नका. आमच्या चुलतभावाने बिल्ला घासून चकचकीत केला, गोंदाने फ्रेममध्ये चिकटवला, खाली ‘मराठा लाइट इन्फंट्री’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलं. आता मागची बाजू कोणालाच बघता येत नाही.

तुमच्या बिल्ल्याचा मागचा फोटो टाका, मग बोलू.