सर्व धर्म समान मानले, तर दुसऱ्याच्या धर्मातील चूक दाखवता येते का?

आपला प्रश्न असा आहे की, ‘सर्व धर्म समान आहेत’ असे शाळेपासून शिकवले गेलेले असताना वसतिगृहातील सोबत्याच्या धर्मातील एखादी चाल आपल्याला अन्यायाची वाटली, तर ती बोलून दाखवणे ही असहिष्णुता ठरते का. आणि गप्प राहणे हीच सहिष्णुता असेल, तर मग योग्य-अयोग्याचा विचार कोणी करायचा. आपल्या सोबत्याने ‘माझ्या धर्मात पडू नकोस’ असे सांगून विषय तोडला, असेही आपण लिहिले आहे. मी अमळनेरला तत्त्वज्ञान विषयात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. हा प्रश्न मला वसतिगृहात राहायला आल्यापासून छळतो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

प्रथम ‘समान’ या शब्दाविषयी. राज्याच्या दृष्टीने सर्व धर्मांच्या माणसांचा दर्जा सारखा असावा, या अर्थाने मला ते वाक्य पूर्ण मान्य आहे. पण सर्व धर्म एकच गोष्ट सांगतात, या अर्थाने ते मला पटत नाही. जैन दर्शन जगाचा निर्माता ईश्वर मानत नाही आणि इस्लामचा आरंभच एका निर्मात्यावरील श्रद्धेपासून होतो. बौद्ध विचार नित्य आत्मा नाकारतो आणि गीता आत्म्याला अविनाशी म्हणते. या चौघांना ‘तुम्ही सगळे एकच बोलता’ असे सांगणाऱ्याने चौघांपैकी कोणाचेही पूर्ण ऐकून घेतलेले नसते. शिवाय सर्व मते सारखीच खरी धरली, तर दलितांना देवळाबाहेर ठेवणाऱ्याचे मतही तितकेच खरे धरावे लागते, आणि ते धरायला माझी तयारी नाही. म्हणून भेद आहेत हे आधी मान्य करावे, असे मला वाटते. सहिष्णुतेची गरज भेद असतात तेथेच पडते.

माझे गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. आमच्या घराला लागून एका तडवी कुटुंबाचे घर आहे. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यातील तडवी भिल्ल आदिवासी आहेत आणि मुसलमानही आहेत, त्यामुळे माणसांची एकेका खणात वाटणी करू पाहणाऱ्याला हा समाज पहिल्याच दिवशी विचार करायला लावतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, म्हणजे खानदेशातील या देवीची घरात स्थापना होते. त्या दिवशी रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या होतात, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी होते, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी कानबाईला नदीवर नेतात. आमच्या घराण्याचा नियम असा की रोट भाऊबंदांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे; दुसऱ्या कुळातील माणसाला, मग तो कितीही जवळचा असो, ते द्यायचे नाहीत. मी सात-आठ वर्षांची असताना एक रोट फ्रॉकच्या ओच्यात लपवून शेजारच्या मैत्रिणीसाठी घेऊन गेले. तिच्या आईने, म्हणजे आमच्या शेजारच्या मावशींनी, तो पाहिला आणि म्हणाल्या, “हा तुमच्या घरचा आहे, बेटा, परत ने. भाजी उरली असेल तर आण.” मी रडत परत आले. आजीने सगळे ऐकून घेतले, “घरघरना देव न्यारा ऱ्हास, माय,” एवढेच ती म्हणाली आणि भाजीचे पातेले माझ्या हाती देऊन तिने मला पुन्हा पाठवले. मावशींकडून रमजान ईदला आमच्याकडे शीरखुर्मा येतो आणि बकरी ईदला काही शिजवलेले येत नाही, कारण आजी माळकरी आहे हे त्यांना ठाऊक आहे.

अनेक वर्षे मला वाटत असे की रोटाचा नियम संकुचित आहे आणि तो मोडणे म्हणजेच मनाचा मोठेपणा. आता तसे वाटत नाही. नियम पाळला गेला, तरी त्या दिवशी कोणाचाही अपमान झाला नाही; किंबहुना आमच्या नियमाची राखण मावशींनीच केली. याउलट त्याच गावात माझ्या आजोबांच्या लहानपणी गावविहिरीवर काही घरांना पाणी भरू देत नसत, आणि त्या मनाईलाही लोक ‘रीत’ म्हणत असत. रोट नाकारणे आणि पाणी नाकारणे या दोन्ही वरवर पाहता सीमाच आहेत. फरक कोठे आहे, याचा शोध मी फार दिवस घेत होते. मला सापडलेले उत्तर असे की रोट एका घराचे आहेत आणि विहीर गावाची आहे. ज्याला रोट मिळाला नाही, त्याचे गावातले स्थान तसूभरही कमी होत नाही. पण ज्याला विहिरीवरून परत पाठवले, त्याला ‘तू गावाचा नाहीस, तू माणूस म्हणून उणा आहेस’ असे सांगितलेले असते. तेव्हा दुसऱ्याच्या धर्मातील चाल पाहताना ती आपल्याला विचित्र वाटते का, हा प्रश्न मी आता विचारत नाही. तिच्यामुळे कोणाचा माणूसपणा उणा केला जातो का, हा प्रश्न विचारते.

असा अन्याय खरोखरच दिसला तर काय करायचे, याचे उदाहरण मला अमळनेरमध्येच मिळते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयाचे कामही पाहत होते. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सलग अठरा रविवार गीतेवर प्रवचने दिली आणि ती गुरुजींनी लिहून घेतली. ती पुस्तकरूपाने आज घराघरांत आहेत. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १ मे १९४७ रोजी, पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून याच माणसाने प्राणांतिक उपोषण आरंभले आणि मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सोडले. या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवते. ज्याने गीता इतक्या भक्तीने उतरवून घेतली, त्यालाच विठ्ठलाच्या दारातील मनाई सहन झाली नाही. त्यांचा आक्षेप स्वतःच्या धर्मावर होता आणि त्या धर्मावरील प्रेमातूनच तो निघाला होता. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे आणि ज्यांचे अभंग वारीत गायले जातात, त्यांच्याच समाजाला आत येऊ न देणे ही विसंगती दाखवायला बाहेरचे कोणतेही तत्त्वज्ञान आणावे लागले नाही. उपोषणाचा क्लेश त्यांनी आपल्या देहाला दिला, विरोधकांना दिला नाही, हेही मला महत्त्वाचे वाटते.

यावरून ‘फक्त स्वतःच्या धर्मावर बोलावे’ असा नियम कोणी काढील. मी इतके पुढे जाणार नाही. पीडा सोसणारा माणूस कोणत्याही धर्मातला असो, त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार सर्वांना आहे. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने दिलेले धर्मस्वातंत्र्यही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे, त्याच अनुच्छेदात समाजसुधारणेच्या कायद्यांना वाट ठेवलेली आहे, आणि १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता सरळ नष्ट केली आहे. पण कसे बोलावे, याविषयी मला सर्वांत नेमके मार्गदर्शन फार जुन्या ठिकाणी सापडले. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सर्व पंथांच्या साराची वाढ व्हावी असे म्हटले आहे आणि तिचे मूळ वाणीच्या संयमात आहे असे सांगितले आहे. आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा विनाकारण करू नये, आणि प्रसंग आलाच तर ती सौम्य असावी. जो आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याला हिणवतो, तो आपल्याच पंथाची हानी करतो, असा त्याचा आशय आहे. यात बोलण्यावर सरसकट बंदी नाही. प्रसंग पाहावा आणि शब्द तोलावा, एवढेच मागितले आहे, आणि पंथांनी एकमेकांचे ऐकावे अशी अपेक्षाही जोडीला आहे.

मी ही अट वसतिगृहातील पहिल्याच वर्षी मोडली होती. माझ्या खोलीत जळगावची एक मुसलमान मैत्रीण होती आणि ती बाहेर जाताना बुरखा घालत असे. एके दिवशी जेवणाच्या टेबलावर, आणखी चार मुलींसमोर, मी तिला म्हणाले की इतकी हुशार असून तू हे का सहन करतेस. ती शांतपणे म्हणाली, “तू मला विचारते आहेस, की ठरवून सांगते आहेस?” थोड्या वेळाने तिने विचारले, “तुझ्या काकू कानबाईच्या दिवशी मागच्या खोलीत बसतात, असं तूच सांगितलं होतंस. त्यांना कधी विचारलंस?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. काका गेल्यापासून काकूंना कानबाईच्या आरतीला पुढे येऊ देत नाहीत, पाहुण्या सवाष्णी आल्या की त्या आत जाऊन बसतात, आणि वीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात मी त्याबद्दल घरात एक शब्दही उच्चारलेला नव्हता. मैत्रिणीच्या बोलण्याने तिच्या धर्मातील प्रश्न संपतो असे मी म्हणत नाही. बुरख्यावर तिच्याच समाजातील बायकांची मते वेगवेगळी आहेत आणि सक्ती होत असेल तेथे ती अन्यायच आहे. पण तिच्यावर सक्ती आहे की नाही, हे मला ठाऊकच नव्हते. मी तिची बाजू घेते आहे अशा समजुतीत तिला चारचौघींत खाली पाहायला लावले, याची खंत मला आजही वाटते.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी काकूंना विचारले. माझी कल्पना अशी होती की त्यांना आरतीचा मान हवा असेल आणि तो मी भांडून मिळवून देईन. काकू म्हणाल्या, “आरती राहू दे गं. माणसं आली की मला उठून आत जायला लागतं ना, तेवढं नको वाटतं.” मी मनात लढवत असलेला वाद त्यांचा नव्हताच. त्यांना त्यांच्याच घराच्या ओसरीवर बसायचे होते. आई आणि मी आजीशी बोललो. पहिल्या श्रावणात आजीने ऐकले नाही, दुसऱ्या श्रावणात काकू ओसरीवर बसून राहिल्या आणि आजी त्यांना उठ म्हणाली नाही. आरतीचा प्रश्न अजून तसाच आहे आणि मला तो सलतो, पण तो कधी काढायचा हे आता मी काकूंवर सोडले आहे.

एका गोष्टीचा उल्लेख थोडक्यात करते, कारण आपण धर्म बदलण्याविषयीही ओझरते विचारले आहे. आमच्या वर्गात नवापूरकडची एक मुलगी आहे. तिची आई चर्चला जाते आणि आजोबा महाशिवरात्रीला आदिवासींची देवी देवमोगरा माता हिच्या यात्रेला जातात, आणि दोघे एकाच घरात जेवतात. धर्म निवडण्याचा, तो सोडण्याचा आणि न निवडण्याचा अधिकार माणसाचा स्वतःचा आहे, असे मी मानते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे पाहिली, तर हा निर्णय किती विचारान्ती झालेला असू शकतो हे दिसते. लोभ किंवा धाक दाखवून कोणाला ओढणे मात्र मला कोणत्याही बाजूने चुकीचेच वाटते.

भेद ठेवूनही एकमेकांशी कसे बोलता येते, याचे मला फार आवडलेले उदाहरण बुऱ्हाणपूरचे आहे. ते शहर आज मध्य प्रदेशात असले, तरी फारुकी सुलतानांच्या काळी आपल्या खानदेशाची राजधानी होते. तेथील जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरचा, आणि त्याचा आरंभ सृष्टिकर्त्याला केलेल्या वंदनाने होतो. पुढे ईश्वराला अव्यक्त, व्यापक, नित्य, गुणातीत अशी विशेषणे दिली आहेत. ती मशीद मशीदच राहिली. तेथे कोणी मूर्ती आणली नाही की कोणी आपली श्रद्धा पातळ केली नाही. लिहिणाऱ्याने शेजाऱ्याच्या भाषेतून असे शब्द वेचले, जे त्याला स्वतःच्या श्रद्धेनुसार प्रामाणिकपणे उच्चारता आले आणि शेजाऱ्यालाही ओळखीचे वाटले. फारुकींचा सगळा इतिहास सलोख्याचा होता असा दावा मी करत नाही, पण तो एक लेख लिहिणाऱ्याने घेतलेली मेहनत मला खरी वाटते.

आता आपल्या सोबत्याविषयी. ‘माझ्या धर्मात पडू नकोस’ हे त्याने कोणत्या प्रसंगी म्हटले, खोलीत दोघेच असताना की इतरांसमोर, हे आपण लिहिलेले नाही. इतरांसमोर असेल, तर आधी त्याबद्दल त्याची क्षमा मागावी, आणि ती मागताना आपला मूळ मुद्दा मागे घेण्याची गरज नाही. मग काही दिवसांनी एकांतात, आपल्या घरातील किंवा आपल्या धर्मातील जी गोष्ट आपल्याला बोचते ती त्याला आधी सांगावी. तिच्याबद्दल आपण आजवर काय केले आणि काय केले नाही, हेही सांगावे. त्यानंतर ज्या चालीबद्दल आपल्याला शंका आहे ती त्याच्या घरात कशी पाळली जाते आणि तिचा भार कोणावर पडतो, हे त्याला विचारावे. तो बोलला नाही, तर त्या दिवशी तेथेच थांबावे.