आधी आपला वर्ग बघा, मग कोर्स निवडा

(कोल्हापुरात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक प्राध्यापिका या सदरात महाविद्यालयीन शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मॅडम, मी बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवतो. वय 53. यंदा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना 'ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या' हा प्रकल्प दिला होता. निम्मे प्रकल्प एका साच्यातले आले. प्रस्तावना तीच, निष्कर्ष तेच. मोबाईलवरून एआयकडून लिहून घेतलंय हे दिसतं, पण सिद्ध कसं करायचं? प्राचार्य म्हणतात, एआयचं प्रशिक्षण घ्या. स्टाफच्या ग्रुपवर रोज एफडीपीच्या, म्हणजे शिक्षक विकास कार्यक्रमांच्या, लिंका येऊन पडतात. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. आता हे करायलाच पाहिजे का, आणि करायचं तर कोणता कोर्स? (एक प्राध्यापक, गडहिंग्लज तालुका)

उत्तर : सर, करायलाच पाहिजे. तुमच्या हातून अजून किती तरी तुकड्या बाहेर पडणार आहेत, आणि त्या सगळ्या मोबाईल घेऊनच वर्गात येणार आहेत. पण लिंक उघडायच्या आधी ते प्रकल्प पुन्हा एकदा पुढ्यात घ्या. या विषयावरचा निबंध गडहिंग्लजला बसून लिहिला काय आणि मेरठला बसून लिहिला काय, काही फरक पडत नाही. पूर्वी मुलं तो गाईडातून उतरवत होती, आता एआयकडून उतरवतात. म्हणून पहिला बदल विषयातच करा.

गेल्या वर्षी कागल तालुक्यातल्या एका महाविद्यालयात पाहुणी म्हणून तास घेतला, तेव्हा मुलांना घरचं किंवा शेजाऱ्याचं 2024-25 च्या हंगामाचं ऊसबिल आणायला सांगितलं होतं. बँकेचा खाते नंबर आणि नाव कागदाची पट्टी लावून झाका, हेही बजावलं होतं. मग मोबाईलवर एआयला विचारायला लावलं, की आमचा ऊस कारखान्याला गेला, तर टनाला किती पैसे मिळतील? उत्तर झटकन आलं, 3,400 रुपये. त्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला 340 रुपये होती, म्हणजे हिशेब वरवर बरोबर. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या बिलात हा आकडा कुठंच न्हाई."

तिथून खरा तास सुरू झाला. 340 हा दर 10.25 टक्के साखर उताऱ्याला होता. उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण. त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला क्विंटलमागे 3 रुपये 32 पैसे जादा. आपल्या भागात उतारा चांगला पडतो. 12.25 धरला तर वीस टप्पे झाले, म्हणजे 66 रुपये 40 पैसे वाढले आणि टनाचा दर 4,064 वर गेला. मग बिलात त्याहून कमी का? कारण त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. एआयनं उताराही विचारला नव्हता आणि तोडणी-वाहतूकही धरली नव्हती. कोणत्या हंगामाचा उतारा धरायचा, हा वाद तर महाराष्ट्रात उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढचा प्रश्न मुलांनीच काढला : ऊस गेल्यावर पैसे किती दिवसांत जमा झाले पाहिजेत? 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसांची मुदत आहे आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज आहे. मुलं बिलावरची तारीख आणि पासबुकातली तारीख जुळवायला लागली. दोन वर्षं खाली मान घालून बसणारी पोरं त्या दिवशी कारखान्याच्या हिशेबावर तावातावानं बोलत होती.

तुम्ही हाच प्रकल्प असा द्या. एक बिल, एआयशी झालेलं संभाषण जसंच्या तसं, त्यातल्या चुका कोणत्या आणि त्या कशावरून कळल्या याची दोन पानं, आणि शेवटी पाच मिनिटं तोंडी परीक्षा. एआय वापरलं का, हे मग शोधत बसावं लागत नाही. ते वापरायचंच आहे, फक्त उघडपणे.

सिद्ध करण्याबद्दल विचारलंत म्हणून सांगते. 'हे एआयनं लिहिलंय' असं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर कुणाचे गुण कापू नका. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनंच स्वतःचं ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात यंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी एआयचे ठरवले. आपल्या मुलांचं इंग्रजी साधं, जपून लिहिलेलं असतं. पहिला संशय त्यांच्यावरच यायचा. एखाद्या पोरानं रात्र जागून लिहिलेलं आपण यंत्राच्या सांगण्यावरून फेटाळलं, तर ते पोर पुन्हा आपल्याकडे येत नाही.

आता कोर्स. केंद्र सरकारच्या स्वयम प्लस या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर मद्रासच्या आयआयटीनं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, लेखाशास्त्र अशा विषयांत एआय कसं वापरायचं याचे विनामूल्य अभ्यासक्रम ठेवलेत. तुमच्या विषयाला लेखाशास्त्राचा जवळचा आहे. दुसरा मार्ग मालवीय मिशनच्या शिक्षक प्रशिक्षण केंद्रांचा, त्याबद्दल पुढच्या उत्तरात सांगते. निवडताना एवढंच बघा, की शिकवणारे तुमच्याकडून तुमच्याच विषयाचं काही करून घेणार आहेत का. नुसती भाषणं असतील तर सोडून द्या. आणि मराठीत काम करताना एक काळजी घ्या. एआय पारिभाषिक शब्द मनानं बनवतं. शासनाच्या भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश शेजारी ठेवा आणि शब्द त्यात बघूनच फळ्यावर लिहा.

प्रश्न : मी इचलकरंजीत वाणिज्य शाखेला सहायक प्राध्यापक आहे, वेतनाच्या लेव्हल 10 वर. पीएच.डी. अजून चालू आहे. स्थाननिश्चितीसाठी, म्हणजे वरच्या लेव्हलवर जाण्यासाठी, नेमके कोणते कोर्स चालतात? ऑनलाइन चालतात का? प्रत्येक जण वेगळंच सांगतो. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : मूळ कागद वाचा, म्हणजे 'प्रत्येक जण' थांबेल. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 18 जुलै 2018 ची नियमावली. लेव्हल 10 वरून 11 वर जायला पीएच.डी. असेल तर चार वर्षं सेवा लागते, एम.फिल. असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा. त्या काळात 21 दिवसांचा उद्बोधन वर्ग हवा. नव्यानं लागलेल्यांसाठीचा 'गुरु-दक्षता' हा महिनाभराचा कार्यक्रम त्याच जागी धरला जातो. त्याशिवाय पुढच्यापैकी एक गोष्ट लागते. एक तर उजळणी वर्ग किंवा संशोधन पद्धतीचा वर्ग, नाही तर किमान पाच दिवसांच्या दोन कार्यशाळा किंवा एफडीपी, नाही तर ई-प्रमाणपत्रासह एक 'मूक' (एमओओसी), म्हणजे सर्वांना खुला असलेला ऑनलाइन कोर्स. म्हणजे ऑनलाइन चालतं, ते नियमातच आहे.

लोक अडकतात ते तारखांत. प्रमाणपत्र मूल्यमापनाच्या कालावधीतलंच हवं. पाच दिवसांच्या ऐवजी तीन दिवसांची कार्यशाळा करून लोक बसतात आणि स्थाननिश्चितीची फाइल परत येते. कोर्सला नाव घालण्याआधी पत्रकाची प्रत महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या (आयक्यूएसी) समन्वयकांना दाखवा आणि महाविद्यालयाची परवानगी लेखी घ्या.

वर्ग कुठं मिळतात? पूर्वीची अकॅडमिक स्टाफ कॉलेजं पुढं मानव संसाधन विकास केंद्रं झाली आणि आता ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं आहेत. हा कार्यक्रम 5 सप्टेंबर 2023 ला सुरू झाला, देशभरात 111 केंद्रं घेऊन. पुणे आणि मुंबई विद्यापीठांत पूर्वीपासून केंद्रं आहेत, पण ऑनलाइन वर्गाला गाव आडवं येत नाही. तुम्ही इचलकरंजीत बसून दुसऱ्या राज्यातल्या केंद्राचा वर्ग करू शकता, आणि कधी तरी तसा मुद्दाम करावाही. तिथं मणिपूरचा, केरळचा शिक्षक भेटतो आणि आपल्या वर्गाकडे बघायची नजर बदलते. विषय ठरलेले आहेत. त्यात भारतीय ज्ञानप्रणाली आहे, संशोधन आहे, माहिती तंत्रज्ञानही आहे. आपल्याकडे संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण आलं, त्यामुळे क्रेडिटची आणि मूल्यमापनाची नवी रचना तुम्हाला रोजच भेटते आहे. मी तुमच्या जागी असते, तर पहिला वर्ग मूल्यमापनाचा घेतला असता.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात एक दिवसाची एआय कार्यशाळा घ्यायची आहे. मी आयक्यूएसी बघतो. पाहुणे कोण बोलवावेत, विषय काय ठेवावेत? (समन्वयक, शिरोळ तालुका)

उत्तर : पाहुणे एकच बोलवा आणि त्यांना तासाभरापेक्षा जास्त बोलू देऊ नका. दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगतं यांत सकाळ गेली की उरतं काय? उरलेला दिवस प्रयोगशाळेत घालवा. प्रत्येक शिक्षकानं आपला अभ्यासक्रम आणि मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका घेऊन यावं. पहिलं काम, ती प्रश्नपत्रिका एआयला द्यायची आणि किती गुण मिळतील ते आपणच तपासायचं. ज्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळतात, तो दुपारी बदलायचा. संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात बदललेले दोन-तीन प्रश्न असले की कार्यशाळा झाली.

अर्धा तास विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी राखून ठेवा. मुलांची नावं, पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक), गुण, मोबाईल नंबर यांच्या याद्या उचलून एआयच्या संकेतस्थळावर टाकण्याची सवय लागते आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आहे. कायदा नसता तरी हे चुकीचंच होतं. मुलं ही माहिती आपल्यावर विश्वास ठेवून देतात. पुढचे कार्यक्रम आखताना युनेस्कोनं 2024 मध्ये काढलेला शिक्षकांसाठीचा एआय क्षमता आराखडा बघून ठेवा. त्यात पंधरा क्षमता आहेत आणि नीतीचा विचार तंत्राच्या बरोबरीनं घेतलाय.

प्रश्न : बाई, मी तुमची विद्यार्थिनी. सेट ही प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा पास झाले, आता चंदगड तालुक्यात दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवते. एसटीनं जाऊन-येऊन. कुठल्या वर्गाला गेले, तर त्या दिवसाच्या तासांचे पैसे बुडतात. स्टाफरूममध्ये सगळे एफडीपीबद्दल बोलतात, मला कुणी विचारत नाही. प्रशिक्षण फक्त कायम असलेल्यांसाठीच असतं का? (तुमची एक विद्यार्थिनी)

उत्तर : तुझं पत्र वाचून राग आला, तुझ्यावर नाही. पहिल्या वर्षाच्या भरगच्च वर्गांपुढं आज उभं कोण असतं? बऱ्याच ठिकाणी तुझ्यासारखे सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे. ज्यांच्या हातात सगळ्यांत जास्त मुलं, त्यांनाच प्रशिक्षणाची वाट बंद, हे शाहू महाराजांच्या गावाला शोभत नाही. इथं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम 1917 सालात निघाला होता. हे वाचणाऱ्या प्राचार्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तासिका तत्त्वावरचा शिक्षक प्रशिक्षणाला गेला, तर त्या दिवसाचे तास त्याला दुसऱ्या दिवशी भरून घेऊ द्या. एवढ्यासाठी शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही.

आता तुझ्यापुरतं. स्वयम आणि आयआयटींचे ऑनलाइन कोर्स देणारं एनपीटीईएल ही दारं सगळ्यांना उघडी आहेत, तिथं कायम की तासिका हे कुणी विचारत नाही. शिकणं फुकट आहे, पैसे फक्त परीक्षेला बसायचं असेल तर. बारा आठवड्यांचा कोर्स घेऊ नको, आठ आठवड्यांचा घे. दर आठवड्याला एक असाइनमेंट असते. एनपीटीईएलमध्ये आठपैकी चांगल्या सहांचे गुण धरतात. असाइनमेंटला 25 गुण, परीक्षेला 75. प्रमाणपत्रासाठी 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30 पाहिजेत. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, पण ती बहुतेक शनिवार-रविवारी असते, त्यामुळे तुझे तास सहसा बुडणार नाहीत. व्हिडिओ घरच्या वायफायवर उतरवून घे आणि एसटीत ऐक. घाटात रेंज जाते म्हणून अडायला नको. मालवीय केंद्रांच्या पत्रकातही पात्रतेचा परिच्छेद नीट वाच, 'आपलं काय काम' म्हणून आधीच मिटू नको.

कोर्स चालू असताना एक वही ठेव. या आठवड्यात जे शिकले, त्यातलं वर्गात काय करून पाहिलं, मुलांनी काय विचारलं, काय जमलं नाही. एआयकडून एखादा सराव प्रश्न बनवून घेतलास, तर तो प्रश्न, तू त्यात केलेली दुरुस्ती आणि मुलांची दोन उत्तरं त्यात चिकटवून ठेव. मुलाखतीला प्रमाणपत्रांची चळत सगळेच घेऊन येतात. तू ही वही पुढं ठेव आणि त्यातला एक तास समितीला सांग.

एनपीटीईएलची नवी सत्रं जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात, नोंदणी त्याआधी उघडते. विषय निवडलास की मला कळव. परीक्षेच्या शुल्काची अडचण असेल तर तेही मोकळेपणानं लिही, आपण बघू.