‘माझ्या नशेने दुसऱ्या कोणाचे काय बिघडते?’

व्यसनी माणसाच्या घरची मंडळी समुपदेशनासाठी येतात तेव्हा त्यांना बहुधा एकच शंका छळत असते: तो चोरी करत नाही, कोणावर हात उचलत नाही, स्वतःच्या कमाईतून नशा करतो, मग आपल्याला होणारा त्रास हा आपलाच दोष आहे का? अशाच शंकेने खचलेल्या एका पत्नीची ही हकीकत आहे; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिचा नवरा अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेला होता. नोकरी टिकून होती, आणि या गुन्ह्यात बळी कोणीच नाही, असे तो माझ्यासमोरही अगदी मनापासून मांडत असे. मी वाद घातला नाही. मागच्या आठवड्यातली प्रत्येक संध्याकाळ दोघांनाही वेगवेगळी लिहून काढायला सांगितली. त्याच्या कागदावरच्या साऱ्या संध्याकाळी सारख्याच होत्या. तिच्या कागदावर मात्र तो झोपल्यावर त्याचा श्वास चालू आहे ना हे पुनःपुन्हा उठून पाहणे होते (अशा औषधांच्या अतिमात्रेने श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो, त्यामुळे तिची भीती अनाठायी नव्हती), नातेवाइकांना दिलेली खोटी कारणे होती, आणि ‘बाबा आज कसे आहेत?’ हे विचारल्याशिवाय मैत्रिणीला घरी न बोलावणारी आठ वर्षांची मुलगी होती. तो कागद त्याने दोनदा वाचला.

‘म्हणजे यांना तुरुंगात पाठवायचे का?’ असे तिने घाबरून विचारले. हा प्रश्न वेगळा आहे, असे माझे ठाम मत आहे. पोर्तुगालने २००१ साली स्वतःच्या वापरापुरते अमली पदार्थ बाळगणे फौजदारी गुन्ह्यांतून वगळले. ते बेकायदा राहिलेच, पण असा माणूस न्यायालयाऐवजी एका समितीपुढे जातो आणि ती त्याला उपचारांकडे वळवू शकते. घरच्यांना बसलेली झळ मान्य करण्यासाठी व्यसनी माणसाला गुन्हेगार ठरवावे लागत नाही. उलट शिक्षेच्या धास्तीने लोक अतिमात्रेच्या प्रसंगी मदत बोलवायला कचरतात, आणि तेवढा उशीर जिवावर बेततो.

तो मनोविकारतज्ज्ञांकडे जायला तयार झाला आणि अफूजन्य औषधांची ओढ आवरणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाचे उपचार सुरू झाले. अतिमात्रेचा परिणाम उलटवणारे नॅलॉक्सोन कसे वापरायचे, हे पत्नीने शिकून घेतले. मुलीशी काय बोलायचे, याची तयारी मात्र आम्ही सावकाश केली: बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि त्यांना बरे करणे हे तुझे काम नाही.