2004चा कागद आणि मुंजीची सीडी

समीर समुपदेशनाच्या पहिल्या भेटीला आले तेव्हा त्यांच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एकच कागद होता. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) 2004 सालचा, घड्यांवर विरलेला. वर एका डॉक्टरांचं लेटरहेड, खाली तीन ओळी : वय 15, बुद्धी उत्तम, अ‍ॅस्परगर सिंड्रोम (बुद्धी आणि भाषा चांगली, पण लोकांचे इशारे कळणं आणि बदल सोसणं अवघड, असा ऑटिझमचा प्रकार). कोणत्या चाचण्या घेतल्या, आईवडिलांना काय विचारलं, किती वेळ बोलणं झालं, यातलं काहीही त्यावर नव्हतं.

समीर आता 36 वर्षांचे आहेत, नागपुरात धंतोलीतल्या एका सीए ऑफिसात जीएसटीचं काम पाहतात. त्यांचा प्रश्न सरळ होता. "हे खरं आहे का? हो किंवा नाही, एवढंच सांगा." घाईचं कारण म्हणजे अमरावतीचं एक स्थळ आलं होतं. मुलीला सांगायचं की नाही, यावर घरात दोन महिने वाद चालला होता. आईचं म्हणणं, "अर्ध्या तासात लिहून दिलेला कागद तो, आता काऊन उगाळून राहिला?"

मोठ्या वयात निदानाबद्दल शंका घेऊन येणारे बहुतेक जण जी तीन कारणं सांगतात, तीच समीर यांनीही सांगितली. 'अ‍ॅस्परगर आता काढून टाकलंय.' 'मी तर लोकांच्या डोळ्यांत बघून बोलतो.' आणि 'ऑनलाइन टेस्ट दर वेळी वेगळं सांगते.'

पहिलं कारण सर्वांत लवकर निकालात निघतं. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्परगर यांनी 1944 मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं, ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लोर्ना विंग यांनी 1981 मध्ये अ‍ॅस्परगर यांचं नाव या लक्षणसमूहाला दिलं आणि पुढे 1994च्या डीएसएम-4 मध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत, ते स्वतंत्र निदान म्हणून आलं. अडचण अशी झाली, की त्याच माणसाला एका केंद्रात अ‍ॅस्परगर म्हणत आणि दुसऱ्या केंद्रात ऑटिझम. म्हणून 2013च्या डीएसएम-5 ने सगळं 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' या एका नावाखाली आणलं. जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-यादीतही तसंच आहे. ज्यांचं जुनं निदान नीट झालेलं होतं त्यांना नव्या नावाखाली धरावं, असं डीएसएम-5 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. पाटी बदलली, दुकान बंद झालं नाही. समीर यांच्या कागदाबद्दलची शंका वेगळी होती. तेव्हाचं निदान 'नीट झालेलं' होतं का?

ऑनलाइन टेस्टचं कोडं जास्त रंजक आहे. समीर यांनी ऑटिझमची लक्षणं चाचपणारी 50 प्रश्नांची एक्यू प्रश्नावली तीनदा भरली होती. दिवाळीच्या सुटीत 24, एरवी एकदा 31, आणि ऑडिटच्या गर्दीत, सप्टेंबरच्या शेवटी, 37. साधारण 32 आणि त्यापुढे गुण आले तर सविस्तर तपासणी करावी असं धरतात. मग खरा आकडा कोणता? या प्रश्नावलीत 'पूर्ण सहमत' आणि 'थोडंसं सहमत' दोन्हींना सारखाच एक गुण आहे. त्यामुळे मूड बदलून उत्तर 'थोडंसं सहमत'वरून 'थोडंसं असहमत'वर सरकलं की पुरा एक गुण जातो किंवा येतो. असे तेरा प्रश्न सरकले की 24चे 37 होतात. शिवाय पार्टीपेक्षा वाचनालयात जाणं आवडतं का, असे प्रश्न इथल्या माणसाला अडवतात. समीर कधी पार्टीला जातच नाहीत, लग्नाला जातात, तेही आईनं ढकललं म्हणून. ही चाळणी आहे. चाळणीत काय उरलं ते पुढे पाहायचं असतं, चाळणीनं निदान होत नाही.

डोळ्यांत बघण्याबद्दल विचारल्यावर समीर यांनी पद्धत सांगितली. समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधोमध पाहायचं, मनात तीनपर्यंत मोजायचं, मग वहीकडे बघायचं, पुन्हा वर. ही पद्धत त्यांनी पहिल्या नोकरीत, 2011 मध्ये, वरिष्ठ ओरडल्यानंतर बसवली. ऑफिस सुटलं की घरी येऊन दीड तास दिवा बंद करून पडून राहतात, तेव्हा कुणी बोललेलं चालत नाही. जे प्रयत्नानं शिकलं आहे ते लक्षण नाहीसं झाल्याचा पुरावा ठरत नाही. डीएसएम-5 मध्येच म्हटलं आहे, की लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, पण नंतर शिकलेल्या युक्त्यांनी ती झाकली जाऊ शकतात. (उलटही ध्यानात ठेवावं. आपल्याकडे मोठ्यांसमोर मान खाली घालणं हे वळण समजतात. फक्त 'नजर देत नाही' म्हणून कुणाला ऑटिस्टिक ठरवणं तितकंच चूक.)

समुपदेशक निदान करू शकत नाही, हे समीर यांना पहिल्याच भेटीत सांगितलं. ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं किंवा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथे मानसोपचार विभाग आहेत. धंतोली-रामदासपेठेत खासगी तज्ज्ञ आहेत. अपॉइंटमेंट घेतानाच विचारावं : मोठ्यांचं ऑटिझमचं मूल्यमापन करता का, किती बैठका लागतात, आईवडिलांपैकी कुणाला बोलावता का, आणि शेवटी लेखी अहवाल देता का. शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर 'नाही' आलं तर दुसरीकडे जावं. ओपीडीच्या पहिल्या दहा मिनिटांत हे होत नाही, तिथे फक्त पुढची तारीख घ्यायची. समीर यांच्या तीन बैठका झाल्या, मिळून साधारण पाच तास.

मोठ्या माणसाच्या मूल्यमापनात सगळ्यात जास्त अडतं ते बालपणाच्या पुराव्यावर. 2004चे दवाखान्यातले रेकॉर्ड मिळतील ही आशा धरू नये. ते इतकी वर्षं जपून ठेवण्याचं बंधन डॉक्टरांवर नसतं. मागून पाहायला हरकत नाही, 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं स्वतःचे रेकॉर्ड मागण्याचा हक्क दिला आहे, पण खरा खजिना घरच्या कपाटात असतो. प्रगतिपुस्तकातले शेरे, जुन्या वह्या, व्हिडिओ.

आईला "तो लहानपणी कसा होता?" असं विचारलं, की एकच उत्तर येतं : "अगदी नॉर्मल होता हो, जरा हुशारच होता." तीस वर्षांपूर्वीचं असं मोघम आठवत नाही. एखादा प्रसंग धरून विचारावं लागतं. पहिला शब्द कोणता, तो चालायला लागण्याआधी की नंतर? आकाशात विमान दिसलं तर बोट दाखवून तुमच्याकडे वळून बघायचा का? भातुकलीत खोटा चहा प्यायचा का? हाक मारली तर पहिल्या हाकेला बघायचा की तिसऱ्या? मिक्सर, फटाके, मारबतीची मिरवणूक, यांचं काय व्हायचं?

तान्हा पोळ्याचं (लहान मुलांच्या पोळ्याचं) विचारलं तेव्हा समीर यांच्या आई बऱ्याच वेळ बोलल्या. लाकडी बैल घेऊन गल्लीतली मुलं घरोघर जायची, बोजारा म्हणून मिळणारे पैसे गोळा करायची. समीरही जायचा, पण ठरलेल्या क्रमानंच. एका वर्षी तिसरं घर कुलूपबंद होतं. मुलं पुढे गेली, हा दारातच उभा. "कुलूप उघडेपर्यंत चौथ्या घरी जायला तयारच नाही. रडून रडून बेजार. शेवटी ह्यांनी उचलून आणलं. मग पैसेही मोजले नाहीत त्यानं, बैल तसाच टाकून दिला."

मुंज 1997ची, कॅसेटवरून सीडी केलेली. आठ वर्षांचा बटू, समोर मामा तीनदा हाक मारतात, बटू ताटातल्या अक्षता एकेक करून काठाला लावतोय. बँड सुरू झाल्याबरोबर दोन्ही हात कानांवर. हे पाहून घरचे लगेच म्हणाले, झालं, सिद्ध झालं. सायकॉलॉजिस्टनी मात्र ती चित्रफीत एकटी धरली नाही, आणि बरोबर केलं. सकाळपासून उपाशी, डोकं भादरलेलं, अंगावर धूर आणि पन्नास नातेवाईक, अशात कुठलंही मूल चिडचिडं होईल. म्हणून त्याच वर्षीच्या घरगुती वाढदिवसाची फीत पाहिली. गर्दी नाही, भूक नाही, तरी केक कापताना तो एकदाही आईकडे वळून बघत नाही. शिवाय दुसरीच्या प्रगतिपुस्तकात 'मुलांत मिसळत नाही, बदल चालत नाही' असा शेरा. तीन वेगवेगळ्या ठिकाणचे पुरावे एका दिशेला गेले, तेव्हा कुठे त्यांना वजन आलं.

उरलेला वेळ दुसऱ्या शक्यता तपासण्यात गेला. सामाजिक भीती असलेला माणूस 'लोक काय म्हणतील' या धास्तीनं गप्प होतो, घरच्यांत मोकळा बोलतो. समीर घरातही आईनं चपला घातल्या, पिशवी घेतली, दाराशी उभ्या राहिल्या, तरी वीस मिनिटं जीएसटीच्या इनपुट क्रेडिटबद्दल बोलत राहतात. तिथे भीती कसलीच नाही, इशारा कळत नाही. ओसीडीतली (मंत्रचळातली) पुन्हापुन्हा होणारी कृती माणसाला नकोशी असते, समीर यांना आपला ठरलेला क्रम हवाहवासा वाटतो. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) वेगळे प्रश्न झाले. कानाची तपासणीही करून घेतली. हाकेला प्रतिसाद न देणाऱ्याला खरंच कमी ऐकू येत असतं, असंही निघतं.

अहवालात आलं ते असं : ऑटिझम स्पेक्ट्रम, पातळी 1 (सगळ्यात कमी मदत लागणारी), भाषा आणि बुद्धीची अडचण नाही. म्हणजे 2004चा निष्कर्ष टिकला, त्यामागची तपासणी मात्र फार तोकडी होती. आणि एक गोष्ट त्या कागदावर नव्हतीच. वर्गात झालेल्या छळानंतर जडलेली सामाजिक भीती, जी वेगळी आहे आणि उपचारानं कमी होते. आयुष्यातला बराच त्रास या दुसऱ्या गोष्टीचा होता. 'अ‍ॅस्परगर आहे, असंच राहणार' म्हणून वीस वर्षं तिच्याकडे कुणी बघितलंच नाही.

सगळ्यांचं उत्तर असंच येत नाही. एका 28 वर्षांच्या तरुणीचं ऑटिझमचं निदान एका व्हिडिओ कॉलवर झालं होतं. तिच्या बालपणात काहीच सापडलं नाही. मैत्रिणी, खोटेखोटे खेळ, नाटकात काम, सगळं होतं. अडचण सुरू झाली ती सतराव्या वर्षी होस्टेलला गेल्यावर. ते निदान मागे घेतलं गेलं, सामाजिक भीतीवर उपचार सुरू झाले. सुरुवात कधी झाली, या एका प्रश्नावर अनेकदा अख्खं निदान फिरतं.

समीर यांना दिव्यांग प्रमाणपत्राबद्दलही विचारायचं होतं. 2016च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, पण सवलतींसाठी 40 टक्क्यांची अट असते. हे टक्के ठरवायला वापरतात त्या आयएसएए या भारतीय मोजपट्टीत 40 मुद्दे आहेत, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, आणि 70च्या खाली 'ऑटिझम नाही' असं धरतात. मुद्दे बहुतेक वरून दिसणाऱ्या वागण्याचे आहेत, त्यामुळे नोकरी करणारा, शिकून घेतलेला माणूस 70च्या खाली राहू शकतो. म्हणून त्याचं निदान खोटं ठरत नाही. समीर यांनी अर्ज न करायचं ठरवलं.

मुलीला सांगायचं, हेही त्यांनीच ठरवलं. अहवाल हातात देऊन नव्हे, चार वाक्यांत : आवाजाचा त्रास होतो, ठरलेलं अचानक बदललं की वेळ लागतो, इशारे कळत नाहीत म्हणून स्पष्ट सांगावं लागेल, भीतीवर उपचार सुरू आहेत. निदानाचं नाव त्यानंतर. आईंना हे अजूनही पटलेलं नाही. मुलीनं मात्र अहवालाची प्रत मागून घेतली आणि दोघांनी मिळून यायचं म्हटलं आहे. त्या भेटीसाठी समीर यांनी प्रश्न आधीच पाठवले आहेत. सतरा, क्रमांक घालून.