‘जुळे घर’ आणि मधली भिंत

‘सेमी-डिटॅच्ड हाउस’ला मराठीत ‘डुप्लेक्स’ म्हटलेले चालेल का, असा प्रश्न आहे. नाही चालणार! मराठीत रुळलेला डुप्लेक्स म्हणजे एकाच कुटुंबाचे, आतून जिना असलेले दुमजली घर. अमेरिकेत तोच शब्द एका इमारतीतल्या दोन स्वतंत्र घरांना लावतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

आपल्याला हवे ते घर असे: एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या, दारे-अंगणे वेगळी, नकाशा बहुधा आरशात पाहिल्यासारखा उलटा. तीन किंवा जास्त घरे सलग आली की ती रो हाउस. त्यातल्या टोकाच्या घराच्याही तीन बाजू मोकळ्या असतात, पण म्हणून ते या प्रकारात येत नाही. चारी बाजूंनी सुटा तो बंगला. त्यामुळे ‘ट्विन बंगलो’ही खटकतो. ‘दुपाखी’ सुचवणाऱ्यांनी जरा वर पाहावे, तो शब्द छपराच्या दोन उतारांचा आहे. आणि शब्दाला शब्द ठेवून घडवलेले ‘अर्धविलग’ तर कोशातच राहू द्या. त्यातून डोळ्यांपुढे काहीही उभे राहत नाही.

सरळ ‘जुळे घर’ म्हणा. ‘जुळे’ आले ‘युगल’वरून, बैलांच्या मानेवरचे ‘जू’ आले ‘युग’वरून, दोन्हींच्या मुळाशी ‘युज्’, जोडणे. दोन बैलांत एक जू, दोन घरांत एक भिंत. आता गंमत पाहा, ‘भिंत’ म्हणजे ‘भित्ति’, आणि तिचा धातू ‘भिद्’, फोडणे, चिरणे! जागा विभागते म्हणून भिंत, एवढे सांगून व्युत्पत्ती संपवणारे घाई करतात. संस्कृतात ‘भित्ति’चा एक अर्थ चिरलेल्या बोरूची चटई असाही आहे. बांबू चिरून कामट्या काढायच्या, त्या विणून कूड उभा करायचा, वर माती लिंपायची. माझ्या मते चिरणे आधी त्या कामट्यांचे, जागेची विभागणी नंतरची. म्हणजे जोडणाऱ्या धातूचे घर चिरणाऱ्या धातूच्या भिंतीला टेकून उभे!

म्हणूनच ती भिंत नीट हवी. पोटमाळ्यातही ती थेट छपरापर्यंत न्यावी. वर फट राहिली तर आवाज आणि आगीचा धूर पलीकडे जातो. ९ इंची भिंतीत स्विचबोर्डांचे खाचे दोन्हीकडून समोरासमोर कोरले, की मध्ये जेमतेम निम्मी वीट उरते आणि शेजारचे बोलणे ऐकू येते. ते खाचे एकमेकांपासून बाजूला सरकवूनच घ्यावेत.